मांजरपाट खुडूक बसली तेव्हा

मांजरपाट कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, ती नेमकी पुढच्या खोलीत, कात्रणांच्या टोपलीत. मागच्या अंगणात तिच्यासाठी चांगलं खुराडं होतं, वर पत्रा होता, आत गवत अंथरलेला खोका होता. पण बाईसाहेबांना ते पसंत पडलं नाही. त्या बोळातून ठुमकत पुढे आल्या, कापायच्या टेबलाखाली शिरल्या, अस्तराच्या आणि पॉपलीनच्या तुकड्यांवर तीन गिरक्या घेऊन खळगा केला आणि बसल्या. आत्यानं उचलायला हात घातला तेव्हा तिनं अंगावरची सगळी पिसं फुलवली आणि घशातून असा घर्र आवाज काढला की आत्यानं हात मागे घेतला आणि तिला हसू फुटलं.

आत्या म्हणजे सगळ्या गल्लीची आत्या. वय साठीच्या अलीकडे एक वर्ष, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मोजायची टेप, आणि बोलण्यात टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय, त्यामुळे टाचण्या नसल्या तरी शब्द ओठांच्या कोपऱ्यातूनच यायचे. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं ती त्या पुढच्या खोलीत कपडे शिवत होती. तिच्याकडे पाच कोंबड्या होत्या आणि त्यांना तिनं कापडांची नावं दिली होती: मखमल, छीट, पॉपलीन, अस्तर आणि ही मांजरपाट. रंग तसाच, न धुतलेल्या जाड्याभरड्या कापडासारखा. स्वभावही तसाच, कितीही इस्त्री फिरवा, सुरकुती जायची नाही.

आता ही खोली. घरातली सगळ्यात चांगली. रस्त्याकडे दार, मोठी खिडकी, संध्याकाळी साडेपाचपर्यंत दिवा लावावा लागत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा ओवायचा तर असाच उजेड लागतो. म्हाताऱ्या बायका रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून थेट आत यायच्या, झंपर टाकायच्या, गुडघे चोळत तासभर बसायच्या. आणि ही खोली एक तारखेला रिकामी करायची असं ठरलं होतं. कुणी ठरवलं? तर आत्याच्या धाकट्या भावानं. तो घराचा वरचा आणि मागचा भाग वापरायचा आणि सगळं घर चालवायचा.

तो बस डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर होता. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन चार वर्षं झाली, पण गाड्या अजून त्याच्या डोक्यात सुटत होत्या. कोण किती वाजता आंघोळीला जाणार हेसुद्धा तो ठरवायचा. घरात एक कोंबडा होता, तो कधी सव्वाचारला आरवायचा, कधी पावणेपाचला. टाइमकीपरला उशीर एक वेळ चालला असता, पण अनियमितपणा नाही. त्यानं कोंबडा देऊन टाकला. कुणाला विचारलं नाही. आत्या त्या दिवशी म्हणाली होती, "बरं झालं, त्याचा तुरा जरा खरजल्यासारखा दिसत होता." तुरा उत्तम होता.

ही आत्याची रीत. भावाला तिनं आयुष्यात कधी "नाही" म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची वेळ आली की ती काहीतरी पुढे करायची. लग्नासाठी स्थळ आणलं तेव्हा गणवेशांचं काम पुढे केलं. मशीन विकायला निघाला तेव्हा गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे पुढे केले. कधी गुडघा, कधी चष्म्याचा नंबर, कधी मशीनचा पट्टा. बरीचशी कामं अशानं टळली, जी टळली नाहीत ती तिनं गिळली. टाइमकीपर वाईट माणूस नव्हता, पण समोरच्यालाही मत असतं हे त्याच्या वेळापत्रकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्याची मुलगी दातांची डॉक्टर झाली. आत्याचा भाचीवर जीव. दवाखान्याला जागा हवी, तर पुढची खोली आहेच की. आत्यानं वरच्या मागच्या खोलीत जावं. "आता किती दिवस डोळे फोडणार, ताई? आराम कर," टाइमकीपर म्हणाला होता. वरची खोली म्हणजे एकोणीस पायऱ्या आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. तिथं एकही म्हातारी झंपर घेऊन चढणार नव्हती. आत्याला पक्कं कळत होतं की ती पायरी चढली की तिचं शिवणकाम संपलं. तरी ती म्हणाली होती, "बघू या." टाइमकीपरच्या कानाला ते "हो" असंच ऐकू आलं, आणि त्यानं सुताराला एक तारीख सांगून टाकली.

ती तारीख तीन दिवसांवर आली आणि मांजरपाट टोपलीत बसली.

टाइमकीपर खोलीच्या मापांचा कागद घेऊन आला, तर टेबलाखालून घर्र.

"ताई, ही इथं काय करतेय?"

"खुडूक बसलीये."

"मग उठव तिला."

"खुडूक कोंबडी अशी उठत नसते." आणि बोलता बोलता आत्याला पुढचं सुचलं. "तिच्याखाली अंडी ठेवली की एकवीस दिवस बसते. मग पिल्लं. तोवर तिची जागा हलवली तर बिचकते, अंडी टाकून देते. टेबल नाही हलवता यायचं."

यातलं निम्मं खरं होतं. पहिल्या एकदोन दिवसांत अलगद हलवली असती तर मांजरपाट खुराड्यातही बसली असती. पण "एकवीस" हा आकडा टाइमकीपरच्या कानात गोड वाजला. ठरलेले दिवस, ठरलेली गाडी. तो भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला आणि त्यानं लाल पेन्सिलीनं एका तारखेभोवती गोल काढला.

"एकवीस म्हणजे एकवीस. बाविसाव्या दिवशी सुतार."

तो गेल्यावर आत्या टेबलाखाली वाकली. "बाई, तू तर माझी वकील निघालीस," ती म्हणाली. वकीलबाईंनी बोटाला चोच मारली.

घरात कोंबडा नव्हता, म्हणजे घरची अंडी उबवून उपयोग नव्हता. आत्यानं दूधवाल्याच्या घरून नऊ अंडी आणली. त्याच्याकडे कोंबडा होता. घरच्या बाकी चार कोंबड्यांना मात्र एक वाईट खोड होती. एक जिथं बसते तिथंच सगळ्यांना अंडी घालायची असतात, रांग लावून. म्हणून उबवायच्या अंड्यांवर खूण करावी लागते, आणि रोज संध्याकाळी बिनखुणेची अंडी काढून घ्यावी लागतात. जगात सगळे लोक अशी खूण पेन्सिलीनं करतात. आत्यानं केली खडूनं. कापडावर खुणा करायच्या त्या चपट्या निळ्या खडूनं. चौतीस वर्षं जिथं खूण करायची तिथं तिचा हात त्याच खडूकडे गेला होता. नऊ अंड्यांवर तिनं नऊ सुबक फुल्या काढल्या.

त्या खडूचा गुण तोच की तो झटकला की जातो. म्हणून तर शिंपी तो वापरतात. आणि उबवणारी कोंबडी दिवसातून पंचवीस वेळा अंडी उलटीपालटी करते, पोटाला घासते.

चौथ्या संध्याकाळी टोपलीत तेरा अंडी होती आणि एकावरही धड फुली नव्हती. आत्या चपापली, पण घाबरली नाही. तिनं एकेक हातात घेतलं आणि जी जास्त गरम लागली ती नऊ आपली असं ठरवून त्यांवर पुन्हा फुल्या काढल्या. बाकीची चार स्वयंपाकघरात दिली. आता कोंबडीच्या पोटाखाली दोन तास राहिलेलं ताजं अंडंही तितकंच गरम लागतं, हे तिला कुणी सांगायचं? सहाव्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं, आठव्या दिवशी पुन्हा. हातशिलाईत कधी टाका न चुकणारी बाई, पण एकदा चुकली की चुकीवर दोन-दोनदा शिवण मारणारी.

दहाव्या दिवशी सकाळी भावजयीनं टाइमकीपरच्या न्याहारीसाठी तव्यावर अंडं फोडलं आणि किंचाळली. पिवळ्या बलकावर लाल शिरांचं बारीक जाळं पसरलेलं होतं आणि मधे एक काळा ठिपका. टाइमकीपर म्हणाला, "अंडं नासकं निघालं, एवढं काय," पण ताटावरून उठला आणि त्यानं आठवडाभर अंडं खाल्लं नाही. दारात उभ्या आत्याला मात्र सगळं कळलं. नासकं नव्हतं ते. चांगला जीव धरलेलं, आठ दिवस उबवलेलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ते स्वयंपाकघरात पोचवलं होतं. 

दुपारी टाइमकीपर झोपल्यावर तिनं भाचीला बोलावलं. भाचीकडे कपाळाला लावायचा छोटा, प्रखर दिवा होता, दाढेच्या तळापर्यंत पोचणारा. आत्यानं काळ्या अस्तराचं अख्खं कापड टेबलावरून खाली सोडलं आणि दोघी त्याच्या आत शिरल्या, जमिनीवर, मांजरपाटच्या शेजारी. आत्या पोटाखालून एकेक अंडं काढायची, भाची त्याला दिवा लावायची.

"हे रिकामं," भाची म्हणाली. "हेही. आरपार पिवळं दिसतंय. आत्या, हेही."

आठ अंडी स्वच्छ, रिकामी, घरच्या कोंबड्यांची. नवव्यात रक्ताचं एक गोल कडं होतं, म्हणजे सुरू होऊन थांबलेलं. दूधवाल्याची बाकीची अंडी केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती.

भाचीनं दिवा बंद केला. अस्तराखाली अंधार आणि मांजरपाटचा संथ श्वास.

"म्हणजे ही आता कशावर बसलीये?"

"माझ्या खोलीवर," आत्या म्हणाली.

भाचीनं कपाळावरचा दिवा काढून हातात घेतला. "आत्या, ती खोली मला हवीये, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग हे मला कशाला दाखवलंस?"

"दिवा तुझ्याकडे होता."

भाचीला हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. "मी बाबांना नाही सांगणार," बाहेर येत, केसांतली कात्रणं झटकत ती म्हणाली. "तू सांग. अंड्यांचं नाही, खोलीचं. तुला द्यायची आहे की नाही ते सांग. मला कुणी धड सांगतच नाहीये. बाबा म्हणतात, आत्या खूश आहे. तू म्हणतेस, बघू या."

"बघू या," आत्या म्हणाली, आणि जीभ चावली.

तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडे नव्या अंड्यांसाठी गेली, तर त्याच्या कोंबड्यांची पिसं गळायला लागली होती. आता महिना-दीड महिना अंडं मिळणार नव्हतं. आत्या रिकाम्या हातानं परत आली, रक्ताचं कडं होतं ते अंडं तिनं पुरलं आणि उरलेली आठ जशी होती तशी मांजरपाटखाली राहू दिली. तिनं मनाला समजावलं की कोंबडीला काय कळतंय. ती सुखानं बसलीये, बसू दे. तेवढेच आपले दिवस.

टाइमकीपर रोज सकाळी कॅलेंडरावर एक रेघ मारायचा. एकविसाव्या दिवशी तो सकाळी सहालाच टेबलाखाली वाकला. काहीच नव्हतं. संध्याकाळी पुन्हा वाकला.

"गाडी लेट आहे," तो म्हणाला.

"थंडी पडलीये ना," आत्या टेपशी खेळत म्हणाली. "थंडीत मागेपुढे होतं. आठवडाभर धर."

टाइमकीपरनं नाक मुरडलं, लाल गोल खोडला आणि सात दिवस पुढे नवा काढला. सुताराला निरोप गेला. आत्याला त्या रात्री छान झोप लागली, आणि हे तिचं तिलाही नंतर लाजिरवाणं वाटलं.

कारण मांजरपाटचं काही खरं नव्हतं. उबवणारी कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते, पंधरा मिनिटांत परत. बाकी वेळ ती स्वतःच्या अंगातलं खाऊन जगते. एकवीस दिवसांचा हिशेब तिच्या अंगात असतो, त्यापुढचा नसतो. पंचविसाव्या दिवशी ती उठली तेव्हा तिची चाल बदललेली होती. तुरा, एरवी लालभडक, आता फिकट गुलाबी पडला होता. तिनं चार दाणे खाल्ले, पाचव्याला चोच लावली आणि तो तसाच टाकून ती धावत सुटली. टोपलीत आठ खोटी अंडी गार पडतील म्हणून.

आत्यानं तिला वाटेतच उचललं. हातात काही आलंच नाही असं वाटलं. पिसांखाली छातीचं हाड कात्रीच्या पात्यासारखं हाताला लागलं. पोटावर तिनं स्वतःच पिसं उपटून उघडी केलेली कातडी होती, लाल, आणि मानेत पिसवा झाल्या होत्या. मांजरपाट धडपडली, ओरडली, तिला फक्त टोपलीकडे जायचं होतं. आत्यानं तिला सोडलं, तर ती गेली, अंडी पोटाखाली ओढून घेतली, एक बाहेर राहिलं होतं तेही चोचीनं आत घेतलं, आणि डोळे मिटले.

आत्या स्टुलावर बसली. तिला स्वतःचा संताप आला. या कोंबडीला फुटक्या कवडीचा फायदा नाही आणि ती जीव पणाला लावून बसलीये. आणि आपण? आपल्याला तोंड आहे, खोलीचा कागद आपल्या आणि भावाच्या, दोघांच्या नावावर आहे, आपण साठीला आलो, आणि एका शब्दासाठी कोंबडी उपाशी मारतोय. एका शब्दासाठी. "अगं, तुझी लाज वाटते मला," ती मोठ्यानं म्हणाली, आणि ते मांजरपाटला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कामाला लागली. अंगणात एक जाळीची पेटी पडून होती, बाजारातून कोंबड्या आणतात तसली, तळालाही जाळी असलेली. ती तिनं घासून धुतली आणि मागच्या ओट्यावर, भर उजेडात, चार विटांवर उंच ठेवली, खालून वारा खेळेल अशी. खुडूक मोडायची ती अशी. मऊ काही अंथरायचं नाही, अंधार द्यायचा नाही, पोटाखाली ऊब साठू द्यायची नाही. दाणे आणि पाणी मात्र पोटभर. तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. काही लोक गार पाण्यात बुडवतात, पण अंगावर मांस नसलेल्या जिवाला आत्या ते करणार नव्हती. आधी तिनं मानेत राख चोळून पिसवा काढल्या, मग तिला पेटीत सोडलं. मांजरपाटनं अंगठ्याचं मांस निघेल अशी चोच मारली. "मार," आत्या म्हणाली. "तुझा हक्कच आहे."

आठ अंडी तिनं अंगणाच्या कोपऱ्यात खड्ड्यात टाकली. सातवं कुदळीखाली फुटलं आणि असा वास सुटला की भावजय पदर नाकाला लावून बाहेर आली, तिच्या मागून टाइमकीपर. त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मांजरपाट पेटीत उभी राहून सगळ्या घराला शिव्या घालत होती.

"पिल्लं नाहीत?"

"नाहीत. अंडी रिकामी होती. माझ्याच चुकीनं. सोळा दिवस झाले मला कळून."

"सोळा दिवस!" टाइमकीपरनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जसं काही ते सोळा दिवस तिथं दिसणार होते. मग त्याचा चेहरा उजळला. "बरं, झालं ते झालं. म्हणजे आता टेबल हलवायला हरकत नाही. आजच बोलावतो सुताराला."

तो फोन करायला आत गेला. आत्यानं कुदळ धुतली, हात साबणानं दोनदा धुतले आणि त्याच्या मागून पुढच्या खोलीत गेली. फोन झाला होता. सुतार जवळच होता, येतोच म्हणाला होता. भाची दारात उभी होती, कामाला निघालेली, खांद्याला पिशवी.

"मी ही खोली देणार नाही," आत्या म्हणाली.

तोंडात टाचण्या नव्हत्या, आणि शब्द ओठांच्या मधोमध आले. टाइमकीपरला वाटलं, तिला आणखी मुदत हवी आहे.

"किती दिवस?"

"दिवस नाहीत. देणारच नाही."

"ताई, काय झालं?" तो खरोखर गोंधळला. "गुडघ्याचं म्हणतेस का? जिन्याला कठडा बसवून घेऊ."

"गुडघा ठणठणीत आहे."

"मग गणवेशांचं काम आलंय का? ते होईपर्यंत थांबू की."

"परवाच संपलं."

"मग मशीन वर चढवताना काही होईल म्हणून?"

"काही होत नाही मशीनला. लोखंडाचं आहे."

टाइमकीपर थांबला. तीस-पस्तीस वर्षं ज्या गाड्यांनी ही बहीण निसटत आली होती, त्या सगळ्या तिनं स्वतःच्या हातानं रद्द केल्या होत्या. "मग कारण काय?" तो ओरडला.

"कारण नाही," आत्या म्हणाली.  "मला इथं बसून शिवायचंय. मी मरेपर्यंत शिवेन, नाहीतर परवा कंटाळून बंद करेन, ते माझं मी बघेन. कुणी विचारलं तर सांग, ताई अडून बसलीये. खरंच सांगशील."

"आणि पोरीचं काय? तिच्या दवाखान्याचं?"

आता दारातून भाची बोलली आणि तिचा आवाज आत्यानं इतका कडवट कधी ऐकला नव्हता. "आत्या, हे तुला महिन्यापूर्वी नाही सांगता आलं? चौकातली जागा मला मिळत होती. बाबा म्हणाले, घरचीच आहे, म्हणून मी नाही म्हटलं. गेल्या सोमवारी ती दुसऱ्यानं घेतली. मी तुला त्या अस्तराखाली विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

हा घाव बसला. आत्याला वाटलं होतं की राग येईल तो भावाला, आणि त्याला तोंड द्यायची तिनं तयारी केली होती. भाचीची तिनं तयारी केली नव्हती. क्षणभर तिच्या ओठांवर जुना शब्द आला, बघू या, आणि त्या एका शब्दानं सगळं गोड झालं असतं, खोली गेली असती, पोर हसली असती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी घाबरट. तुझी जागा माझ्या घाबरटपणामुळे गेली, आणि ते भरून कसं द्यायचं मला ठाऊक नाही. त्याबद्दल हवं ते बोल मला, वर्षभर बोल, मी ऐकून घेईन. पण खोली देणार नाही."

 भाचीचे डोळे भरले होते. माफी तिनं दिली नाही. "निदान आता कळलं तरी," एवढंच म्हणाली, पिशवी सावरली आणि दोन पायऱ्या उतरून गेली. आत्यानं तिला हाक मारली नाही.

टाइमकीपर खोलीत येरझाऱ्या घालू लागला. वडिलांचं नाव निघालं, लोक काय म्हणतील ते निघालं, म्हातारपणी तुला कोण बघणार तेही निघालं. आत्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली आणि तिनं कशालाच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं की त्यातून पुन्हा एखादी सबब निघाली असती. भावजय मधेच आली, दोघांकडे पाहून "चहा ठेवते" म्हणाली आणि जाता जाता तिनं आत्याच्या दंडाला हळूच चिमटा काढला. त्या चिमट्यातली शाबासकी आत्याला कळली, पण तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

तेवढ्यात सुतार आला. हत्यारांची पिशवी, कानावर पेन्सिल, बरोबर दोन हमाल. त्यानं टेबलाकडे पाहिलं, शिट्टी वाजवली. सागवानी, आठ फुटी.

"साहेब, हे अख्खं नाही जायचं जिन्यातून. पाय काढू? का फळी कापू मधून?"

टाइमकीपर थांबला. त्यानं तोंड उघडलं. सांगायची त्याला सवय होती, वाक्य तयारच असणार. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती हलली नव्हती. तिचा अंगठा अजून गळत होता आणि रक्ताचा एक थेंब टेबलावर पडला होता, तो तिनं पुसलाही नव्हता.

"मला काय विचारतोस?" तो सुतारावर खेकसला. "तिला विचार. खोली तिची आहे."

आणि पाय आपटत तो आत निघून गेला. बोळाच्या टोकाशी दार जोरात आदळलं.

सुतार बिचारा बावचळला. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि आत्याकडे वळला.

"मग काय करायचं, बाई?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "टेबल आहे तिथंच राहील."